चॅपलचं वळण

रविवारी साडेनऊला
मेंढ्या मोजून झालेल्या असतात
आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी कान देऊन उभी असते.
डोंगरापल्याड पहिला आवाज फुटतो,
आधी डास, मग भुंगा,
मग टरटरा फाटत येणारं कापड.
पुलापाशी त्यानं एक गिअर उतरायला हवा.
उतरला, तर मी चहा ओतते.
नाही उतरला, तर किटली तशीच ठेवून बूट चढवते.

वळण दिसायला साधंच आहे.
चॅपलची भिंत संपते, रस्ता उजवीकडे जातो,
आणि गेला गेला म्हणेपर्यंत
आणखी उजवीकडे जातो,
देण्याघेण्याचं ठरल्यावर कुणी शब्द फिरवावा तसा.
वेल्समधले आम्ही लोक हे लहानपणीच शिकतो.
बाहेरून येणाऱ्यांना ते
एका सेकंदात शिकावं लागतं.

दाराशी चार ब्लँकेटं, कात्री, बॅटरी.
हेल्मेट काढायचं नाही, हे मला टेग्वेननं सांगितलं,
ती अँब्युलन्स चालवायची तेव्हा.
हात धरायचा. नाव विचारत राहायचं.
एकदा बर्मिंगहॅमचा एक दंतवैद्य
काटेरी झुडपात उताणा पडून मलाच विचारत होता,
गाडीला फार लागलंय का हो?
त्याचा पाय कुठल्या दिशेला होता, ते मी त्याला सांगितलं नाही.

आणि आमच्या टपालवाल्याचा गेथिन. एकोणीस वर्षांचा.
त्यानं काहीच विचारलं नाही.
शेजारी टिक् टिक् वाजत होतं,
मला वाटलं त्याचं घड्याळ.
गाडीचं इंजिन होतं, निवत चाललेलं.
त्याच्या आईनं महिन्याभरानं दारात उभं राहून
एवढंच विचारलं, किती वेगात होता?
मी म्हटलं, नेहमीसारखाच.
ती जरा हसली. मग परत गेली.

आता तिथे पिवळी पाटी आहे, मेलेल्यांचा आकडा असलेली.
पोरं तिच्याशेजारी उभी राहून फोटो काढतात.

हे सगळं सांगून झाल्यावर
कोठाराचं सांगायला हवं.
खाद्याच्या पोत्यांमागे, ताडपत्रीखाली
जे आहे, ते इद्वालला माहीत आहे,
तो विचारत नाही.
मी अठ्ठावन्न वर्षांची आहे.
जूनमध्ये साडेचारला उजाडतं.
इंजिन चालू न करता मी ती उतारावरून ढकलत नेते
फाटकापर्यंत, शेजारचं कुत्रं जागं होऊ नये म्हणून,
एखाद्या पोरीनं चपला हातात घेऊन घराबाहेर पडावं तशी.

चाळीसला डोक्यात गवताचं बिल असतं.
साठला गुडघा.
ऐंशीला बिलं नाहीत, गुडघा नाही,
नव्वदला तर नवऱ्याचं नावसुद्धा आठवून बघावं लागेल,
पण आठवायला वेळ कुठला,
समोर ओला डांबर, लेंड्या, सांडलेली खडी,
प्रत्येक खडा मला स्वतंत्र दिसतो,
इतकं स्वच्छ मी कधीच काही बघितलेलं नाही,
ना लग्नात, ना बाळंतपणात,
ना गेथिनच्या चेहऱ्यावर वाकले होते तेव्हा.

नजर जाते तिथे गाडी जाते.
एवढा एकच नियम आहे, बाकी सगळी लोखंडाची कामं.
भिंतीकडे बघितलंत, की भिंत बोलावते.
त्यानं कुठे बघितलं असेल?
एखादं कोकरू? चॅपलच्या दारातलं कुणी?
की तो फक्त बघतच राहिला,
आवडलेल्या गोष्टीकडे माणूस बघत राहतो तसा?

पुलापाशी एक गिअर उतरायचा असतो.
उतरते मी. बहुतेकदा.
मग नजर वळणाच्या आत टाकते, भिंतीला ओलांडून,
तिथे माझ्याच घराची खिडकी,
दिवा न लावलेली.
आत कान देऊन
कुणी उभं नसतं.